हॅल्सिऑनवरची निळी कोळंबी

दोन मोठी माणसं असतील तर ४,८०९ डॉलर. दोन मोठी आणि एक मूल, ५,२९९. तीन मोठी आणि एक मूल, ५,९९९. हे आकडे मला अजून तोंडपाठ आहेत, कारण २०२२ च्या उन्हाळ्याआधी दोन महिने मी ते रोज रात्री जेवण झाल्यावर बायकोला ऐकवत होतो. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या एका हॉटेलातल्या दोन रात्रींचे पैसे हे. न्यू जर्सीत राहूनही आमच्या घरात एवढ्या पैशांत दोन रात्री कुणी कधी काढल्या नव्हत्या. शेवटी तीच कंटाळून म्हणाली, "मग आईंनाही घेऊन जाऊ. सातशेच जास्त पडतायत. नाहीतरी त्यांना एकट्या घरी कसं ठेवणार?"

आई तेव्हा कुडाळहून सहा महिन्यांसाठी आली होती. आणि डिस्नेच्या हिशेबात मूल म्हणजे तीन ते नऊ वर्षांचं. दहा पूर्ण झाली की माणूस मोठं. लेकीला ऑक्टोबरात दहा पूर्ण होणार होती. म्हणजे ऑगस्टमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आत. असा आमचा मुहूर्त निघाला. त्या वेळच्या भावाने साधारण पावणेपाच लाख रुपये. हा आकडा आईला आजतागायत कुणी सांगितलेला नाही आणि तिच्या ओळखीचं कुणी हे वाचत असेल तर त्यानेही सांगू नये.

हे प्रकरण काय होतं ते सांगतो. फ्लोरिडात ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये १ मार्च २०२२ ला एक हॉटेल उघडलं: स्टार वॉर्स गॅलॅक्टिक स्टारक्रूझर. स्टार वॉर्स म्हणजे अवकाशातल्या लढायांची ती हॉलिवूडची चित्रपटमालिका. पण तिथे हॉटेल हा शब्द कुणी काढायचा नाही. ते अवकाशात फिरणारं प्रवासी जहाज. नाव हॅल्सिऑन, चँड्रिला स्टार लाइन कंपनीचं, वय २७५ वर्षं. शंभर केबिनी. सगळे प्रवासी एकाच दुपारी चढणार, तिसऱ्या दिवशी सकाळी एकदमच उतरणार, आणि मधल्या वेळात जहाजावर एक गोष्ट घडणार. ती गोष्ट नट करणार, पण त्यात तुम्हीही बोलायचं, पळायचं, लपवाछपवी करायची. कुणाची बाजू घ्यायची ते तुम्ही ठरवायचं. दुष्टांची घेतलीत तरी चालेल.

होस्टेलमध्ये घासून घासून पांढऱ्या पडलेल्या कॅसेटवर हे चित्रपट पाहिलेला मी माणूस. मला हे सोडणं शक्यच नव्हतं. पण माझ्यासारख्या लोकांतच यावरून उभी फूट पडली होती. डिसेंबर २०२१ मध्ये जाहिरातीचा एक व्हिडिओ आला आणि त्याची इतकी टर उडवली गेली की तो काढून घ्यावा लागला. पोहण्याचा तलाव नाही, खोलीला खरी खिडकी नाही, आणि किंमत ही. शिवाय गोष्ट घडते ती नव्या तीन चित्रपटांच्या काळात. म्हणजे ज्यांच्या बालपणावर हा सगळा डोलारा उभा आहे त्यांचे लाडके लोक त्यात नाहीत. ऑफिसमधला माझा एक सहकारी, माझ्याहून पक्का चाहता, म्हणाला, "तू सहा हजार डॉलर देऊन तळघरात राहायला चाललायस." त्याचं हे वाक्य मी तिथे दोन दिवस डोक्यात वागवत होतो.

तयारीत सगळ्यात पुढे आई. नातीला झगा हवा होता, तपकिरी, डोक्यावरून टोपडं असलेला. आईने चित्र बघितलं, "ह्यो तर साधूचो झगो," म्हणाली, आणि बायकोच्या शिलाई मशीनवर दोन दुपारींत शिवून मोकळी झाली. उरलेल्या कापडाचा स्वतःसाठी खांद्यावरून घ्यायला पट्टा केला. पोशाख बदलायला मात्र ठाम नकार. "मी माझा लुगडा नेसतलंय." तर ती तिच्या गर्द वांगी रंगाच्या नऊवारीत, खांद्यावर साधूचं कापड, पायात पांढरे बूट. मी विकत घेतलेलं जाकीट घातलं होतं आणि आरशात कुरिअरवाल्यासारखा दिसत होतो.

बाहेरून इमारत म्हणजे राखाडी काँक्रीटचा ठोकळा. मला आमच्याकडच्या धान्याच्या सरकारी गोदामाची आठवण झाली. ऑगस्टची दुपार, फ्लोरिडाचं ऊन, अंगाला चिकटणारी हवा. सामान घेऊन गेले, मनगटाला पट्ट्या बांधल्या, आणि मग आम्हाला एका छोट्या खोलीत बसवून दार लावून घेतलं. ही लाँच पॉड. ती म्हणे आम्हाला जमिनीवरून वर, थेट जहाजाला नेऊन जोडणार. डोक्यावर काचेसारखे पडदे, त्यांत आकाश निळ्याचं काळं होत गेलं, ताऱ्यांत जहाज दिसू लागलं, ते मोठं होत होत अंगावर आलं, धक्का बसला, दार उघडलं.

ही लिफ्ट आहे हे मला माहीत होतं. तरी दाराबाहेर पाऊल टाकताना मी पाय जरा जपून टाकला.

आत उंच छताचा मोठा दिवाणखाना, कडेने सज्जे, आणि सगळीकडे ताठ कण्याचे, गणवेशातले लोक "गुड जर्नी, गुड जर्नी" म्हणतायत. आईने प्रत्येकाला हात जोडून नमस्कार केला. तिथे शेजारी एक उंच, दाढीवाला गृहस्थ अंगभर चामड्याचे पट्टे लावून उभा होता, तोही आमच्यासारखाच प्रवासी. तो आईच्या नऊवारीकडे बघतच राहिला. कासोटा कसा घेतलाय ते त्याने वाकून, पण अदबीने, पाहिलं आणि विचारलं, कुठल्या ग्रहाच्या?

"कुडाळ," आई म्हणाली.

"आउटर रिम?"

मी हो म्हणालो. आकाशगंगेच्या अगदी कडेचा, राजधानीपासून लांबचा मुलूख असा त्याचा अर्थ. मंत्रालयाच्या दृष्टीने पाहिलं तर काही चूक नाही.

केबिन लहान, पण आगबोटीसारखी हिशेबशीर. मोठा पलंग, भिंतीत कोरल्यासारखे वरखाली दोन बर्थ, आणि पलंगाशेजारी खिडकी. खिडकीत तारे. ती पडद्याची, हे कळत होतं, पण जहाजाने मोठी उडी घेतली की सगळ्या केबिनींतल्या ताऱ्यांच्या एकदम रेघा व्हायच्या. भिंतीतल्या दुसऱ्या पडद्यावर एक यंत्रमानव बाई होती, डी-थ्री-ओ-नाइन. ती लेकीशी गप्पा मारायची. आईने तिला दोनदा झोपताना "दिवो बंद कर गो" म्हणून सांगून पाहिलं.

पहिली चूक माझी. आलो, दमलो होतो, आडवा झालो. फोन चार्जिंगला लावला. खरी मेख अशी होती की त्या फोनवरच सगळं होतं. तिथे त्याला डेटापॅड म्हणत. जहाजावरचे लोक त्यावर तुम्हाला निरोप पाठवत, तुम्ही उत्तर द्यायचं, त्या उत्तरावरून तुमचा पुढचा कार्यक्रम ठरायचा. कुणी तुम्हाला यंत्रघरात बोलवायचं, कुणी मालाच्या कोठारात. मी तासभर घोरलो तेवढ्यात सॅमी नावाच्या मेकॅनिकचा निरोप येऊन पडला होता आणि लेक माझ्या डोक्याशी उभी: "बाबा, तो वाट बघतोय! उत्तर दे ना!" नऊ वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांत खरंच पाणी. कोण हा सॅमी, मला माहीत नाही, आणि मी त्याचा विश्वासघात केला होता.

तिथून पुढे मी झोपलो नाही.

चार वाजता सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावून धोक्याच्या वेळी काय करायचं त्याची कवायत झाली. सज्ज्यातून कॅप्टन बाई बोलली. रियोला कीव्हन तिचं नाव, जात पँटोरन, म्हणून अंगाने निळी. तिच्यापाठोपाठ फर्स्ट ऑर्डरचा, म्हणजे गोष्टीतल्या दुष्टांच्या फौजेचा, लेफ्टनंट हार्मन क्रॉय येऊन टपकला, मागे पांढऱ्या चिलखतातले दोन शिपाई. तो म्हणाला, जहाजावर बंडखोर आहेत असा संशय आहे, मी तपासणी करणार. लोकांनी हुर्यो केली. काहींनी टाळ्याही वाजवल्या.

आणि आई माझ्या कानाशी म्हणाली, "इलो संकासूर."

हे ज्यांनी दशावतार पाहिलेला नाही त्यांना सांगावं लागेल. आमच्याकडे कार्तिकापासून गावोगाव जत्रा सुरू होतात, आणि जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार. पारसेकर, मोचेमाडकर, वालावलकर अशा मंडळ्या. नेपथ्य म्हणजे एक बाकडं. तेच सिंहासन, तेच अरण्यातला दगड. पखवाज, पायपेटी, झांज. आणि मुख्य म्हणजे संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरलेलं, बोलणं जागच्या जागी. राजपार्टी नट तासभर धर्मावर वाद घालतो ते मनातून. सुरुवातीच्या आडदशावतारात काळा संकासूर येतो, भटाची खोडी काढतो, पोरांना घाबरवतो, पोरं त्याला चिडवतात, तो पोरांच्या मागे धावतो. रंगमंच कुठे संपतो आणि प्रेक्षक कुठे सुरू होतात हे तेव्हा कुणी विचारत नाही. आईचं अख्खं आयुष्य हे बघण्यात गेलं. तिला तिथे काहीच समजावून सांगावं लागलं नाही. चित्रपट एकही न पाहिलेली ती एकटी बाई त्या शंभर केबिनींत असेल, आणि पहिल्या दहा मिनिटांत खेळ तिलाच कळला होता.

मला कळला नव्हता. त्याच संध्याकाळी क्रॉयसाहेब मला एका मार्गिकेत गाठून म्हणाले, प्रवासी, तुम्ही कुठून आलात, कशासाठी? मी म्हणालो, "न्यू जर्सी."

त्या नटाने डोळ्याची पापणीही न लवता, ही वसाहत आमच्या नकाशावर नाही, असं म्हटलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला पासपोर्ट काढून दाखवावासा वाटला. मग तो आईकडे वळला. आईने कमरेवर हात ठेवला. "काय रे भावड्या, बायल-पोरांका भियवतंस? तुझ्या आवशीन तुका ह्याच शिकवल्यान काय?" ठसठशीत मालवणीत. क्रॉय थांबला. त्याला अर्थातच अक्षर कळलं नाही, पण दटावणी कुठल्याही भाषेत कळतेच. तो अर्धं पाऊल मागे सरकला, शिपायाला म्हणाला, या महोदयांची चौकशी करायला भाषांतराचा यंत्रमानव मागवा, आणि निघून गेला. आजूबाजूच्या पाचपंचवीस लोकांनी जहाज डोक्यावर घेतलं. पुढचे दोन दिवस तो दिसला की आईला लांबूनच मान लववून जायचा. एवढ्या गर्दीत त्याने हे लक्षात ठेवलं. मला त्या नटाचं काम त्या रात्रीच्या कुठल्याही रोषणाईपेक्षा मोठं वाटलं.

रात्री जेवण. क्राउन ऑफ कोरेलिया नावाचा झगमगीत हॉल. गाया नावाची ट्विलेक गायिका येऊन गाणार होती. डोक्याला मागे दोन जाडजूड शेपटांसारखे अवयव असलेली ती जमात. आणि टेबलावर कोळंबी आली. गार, सोललेली, शेपटी ठेवलेली. निळी. शाईच्या दौतीत बुडवून काढावी तशी निळी.

आईने एक उचलली, उलटी केली, पाठीवरून नख फिरवून दोरा काढलाय का बघितलं. काढला होता. वास घेतला. मग खाल्ली. चावताना डोळे बारीक केले, तिची नेहमीची सवय.

"ताजी आसा," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "पण निळी कित्याक?"

लेकीने सांगितलं, ती फेलुशिया ग्रहावरची आहे म्हणून. आईने मान डोलावली, जणू आमच्या किनाऱ्यावरचं तळाशील गाव म्हटल्यासारखी. आणखी दोन खाल्ल्या. मी मात्र डोळे मिटून खाल्ली. डोळे मिटले की ती नुसती चांगली उकडलेली कोळंबी होती, आणि उघडले की घास घशात अडकत होता. चव जिभेला कळते हे काही पूर्ण खरं नाही.

दुसरा दिवस सकाळपासून धावपळीचा. जहाजाच्या नाकाशी, चालकांच्या खोलीत, आमचं प्रशिक्षण झालं. तिला ब्रिज म्हणतात. समोर अर्धगोल खिडकीभर अवकाश आणि चार कामं: ढाली, तोफा, यंत्रणा, आणि बाहेर तरंगणारा माल पकडून आत ओढणं. गटागटाने एकेका कामावर बसायचं, मग बदलायचं. बायको ढालींवर इतकी रमली की "बदला" म्हटल्यावर उठेचना. दिवाळखोर बँकेच्या ऑडिटमध्ये ती जशी ओठ आवळून बसते तशी बसली होती. आई मालावर. खटके दाबून पेट्या पकडायच्या. तिचे निम्मे नेम चुकले आणि प्रत्येक चुकीला ती "मेल्या" म्हणत होती.

प्रकाशतलवारीचं शिक्षण लेकीचं. ती बाहेर आली तेव्हा झगा घामाने ओला आणि चेहरा अतिगंभीर, त्यामुळे आम्ही काही विचारलं नाही. बाटू नावाच्या ग्रहाची सहलही त्याच दिवशी. बिनखिडकीच्या गाडीत बसवून शेजारच्या हॉलिवूड स्टुडिओज पार्कमधल्या स्टार वॉर्सच्या गावात नेत. ते गाव तिकीट काढून कुणालाही बघता येतं, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. तिथलं निळं दूध गायीचं नसतं, नारळ आणि तांदळाच्या दुधाचं असतं, एवढं आईला सांगितलं. मग तिने ते चाखलं आणि विचारलं, "मगे सोला घालूक काय झाला?"

परत आल्यावर बायकोला गुदमरायला लागलं. जहाजात खरी खिडकी नाही, खरा उजेड नाही. तिला लहानपणापासून बंद जागेचा त्रास आहे. मी घाबरलो. जहाजावर एक जागा मात्र उघड्यावर होती, तिला क्लायमेट सिम्युलेटर म्हणत. प्रवाशांना सांगायचं ते असं की पुढच्या बंदरावरचं हवामान प्रवाशांच्या अंगवळणी पडावं म्हणून ते इथे कृत्रिम तयार केलेलं असतं. खरं तर ते वरून उघडं अंगण. खडक, चार झाडं, वर आकाश. तिथे तिला नेऊन बसवलं आणि दहा मिनिटांत फ्लोरिडाचा पाऊस कोसळला. गणवेशातला एक पोरगा दारात उभा होता. बायकोने त्याला विचारलं, हा पाऊस खरा आहे का? तो म्हणाला, आमचे तंत्रज्ञ फार मेहनत घेतात. ती हसायला लागली, आणि मग तिचा श्वास लागेनासा झाला. आई पदर डोक्यावर घेऊन मधोमध उभी राहिली, हात पुढे करून, कुडाळला मिरगाचा पहिला पाऊस आला की खळ्यात उभी राहते तशी.

संध्याकाळी मी एकटा सबलाइट लाउंजमध्ये गेलो. इथलं पेय पॅकेजमध्ये नव्हतं, हे मला बिल आल्यावर आठवलं. मधल्या टेबलावर पत्त्यांचा तो खेळ चालला होता, साबाक. पत्ते प्रकाशाचे, टेबलातून उमटणारे. कडेला बसलेल्या लोकांशी गप्पा झाल्या. हीच खरी चाहत्यांची पंचायत.

दाढीवाला आउटर रिम मला तिथे पुन्हा भेटला. टेक्सासचा, वीजजोडणीचं काम करणारा. तीन वर्षं पैसे साठवून आला होता. पोशाख चौदा महिने स्वतः शिवला, चामडं स्वतः कापलं. त्याचं म्हणणं एका वाक्यात: घरी मला हे कपडे घालून जायला जागा नाही, इथे मी कपडे बदलले तर विचित्र दिसेन. शेजारी एक साठीच्या बाई. १९७७ साली पहिला चित्रपट थिएटरात पाहिलेल्या. त्यांना सगळं आवडलं होतं आणि तरी त्या खट्टू होत्या. "हे माझ्या नातवंडांचं आहे," म्हणाल्या, "माझे लोक यात नाहीत." आणि एक तरुण जोडपं, नुकतं लग्न झालेलं, ते तर चक्क भांडत होतं. त्याला कार्यक्रम चुकवायचा नव्हता, तिला दोन तास झोपायचं होतं. तो म्हणत होता, अगं, एका तासाचे किती डॉलर पडतायत माहीत आहे का?

मी तो हिशेब मनात केला होता. प्रत्येकाने केला होता, मला वाटतं. आणि माझ्या मते गोची तिथेच होती. हे नाटक तुम्ही बोलल्याशिवाय चालत नाही. बोलायला माणूस सैल हवा, हसं झालं तरी बेहत्तर असा हवा. पण सहा हजार डॉलर मोजलेला माणूस सैल कसा होणार? तो वसुलीला येतो. हाताची घडी घालून बघतो, बघू काय देतायत ते. आणि हाताची घडी घालून बसलं तर तिथे खरंच एक बिनखिडकीची खोली आणि निळी कोळंबी याहून जास्त काही हाती लागत नाही. ऑफिसमधला सहकारी त्या अर्थी बरोबर होता. आमच्या जत्रेला तिकीट नसतं. संकासूर आवडला नाही तर लोक उठून खाजं घ्यायला जातात, परत येतात. कुणाचं काही जात नाही, म्हणून सगळे त्यात असतात. आईला इथली किंमत माहीत नव्हती, हे तिचं भाग्य, आणि त्या नटांचंही.

मी हे त्या जोडप्याला सांगायला गेलो नाही. कुणाच्या संसारात पडू नये.

त्या लाउंजच्या बाहेर मी जे पाहिलं ते मात्र इथे लिहायलाच हवं. वानी म्हणून एक पात्र होतं, गायाच्या ताफ्यातली वादक. जमात रोडियन, म्हणजे मोठे गोल डोळे, सोंडेसारखं तोंड, सगळा मुखवटा. ती तिच्याच भाषेत बोलते, इंग्रजी बोलत नाही. त्यामुळे लोक तिच्याबरोबर फोटो काढत आणि पुढे जात. आई तिच्याजवळ बाकावर बसली होती. दोघी बोलत होत्या. आई मालवणीत, ती रोडियनमध्ये. आई सांगत होती की दिवसभर हे सोंग डोक्यावर घेऊन उकडत असेल, पाणी पी जा, आणि आमच्याकडे स्त्रीपार्टी करणारे पुरुष रात्रभर नेसून उभे असतात त्यांचे पाय सुजतात. वानी मान हलवत, हात हलवत, खालीवर सुरांत काहीतरी लांबलचक सांगत होती. आई म्हणे, "हय गो बाय. खरा आसा." तिच्या उत्तराची पूर्ण वाट बघून मगच पुढचं बोले. लेक मध्ये बसून दोघींकडे आळीपाळीने बघत होती. मी वीस पावलांवर उभा राहिलो आणि जवळ गेलो नाही. किती वेळ चाललं ते मोजलं नाही. तिथे घड्याळाकडे न बघण्याची ती माझी पहिली वेळ.

शेवटची रात्र म्हणजे नुसता जल्लोष. आमच्या लेकीने आणि इतर पोरांनी मिळून च्युबाकाला, म्हणजे चित्रपटांतल्या त्या केसाळ धिप्पाड गड्याला, लपवलं होतं, त्यात सॅमीने मला माफ केल्याचा निरोपही आला. दिवाणखान्यात नव्या चित्रपटांतली नायिका रे आणि खलनायक कायलो रेन समोरासमोर आले, सज्ज्यावर तलवारींची झटापट, दिवे, धूर. पहिल्या दिवशी टाळ्या वाजवणारे पुंड आता आरोळ्या ठोकत होते. क्रॉयचा बंदोबस्त झाला तेव्हा आईला जरा वाईट वाटलं. "माणूस वायट नव्हतो," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच लिफ्ट, आणि बाहेर तोच ठोकळा, तेच ऊन. गाडी आणून दिली. पार्किंगमधून निघताना मागे पाहिलं तर भिंतीवर दोन बगळे बसले होते.

१८ मे २०२३ ला बातमी आली की जहाज बंद होणार. शेवटचा प्रवास २८ ते ३० सप्टेंबर २०२३. उघडल्यापासून पुरती दोन वर्षंही नाहीत. मधल्या काळात त्याला थीम पार्कच्या क्षेत्रातला थिआ पुरस्कार मिळाला होता. बंद होणार म्हटल्यावर उरलेल्या तारखांसाठी झुंबड उडाली, हे आपल्याकडच्या जुन्या थिएटरांसारखंच. ज्यांनी वर्षभर तळघर म्हणून हिणवलं त्यांतले काही शेवटच्या फेऱ्यांत जागा मिळवायला धडपडत होते. माझा सहकारीही. त्याला मिळाली नाही. तो हल्ली मला दर दोन महिन्यांनी कॅन्टीनमध्ये विचारतो, क्रॉय तुझ्या आईला नक्की काय म्हणाला ते परत सांग.

मे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका चाहतीने त्या दोन रात्रींवर चार तासांचा व्हिडिओ केला. जेवणात तिच्यासमोर खांब होता, गाणं दिसलं नाही, डेटापॅडनेही साथ दिली नाही, असं तिचं म्हणणं. तो मी दोन बैठकींत पूर्ण पाहिला. तिचा एकेक मुद्दा मला पटत होता आणि प्रत्येक मुद्द्यावर मला वाटत होतं, बाई, तुझ्याबरोबर माझी आई असायला हवी होती.

बंद झाल्याचं आईला मी फोनवर सांगितलं. ती गप्प झाली.

"मगे ता चेडू खंय गेला?"

कोण, मी विचारलं.

"ता मोठ्या डोळ्यांचा. तेच्या घरात धा माणसा आसत, म्हणत होता."

असं ती तुला कधी म्हणाली, आई? तिची भाषा तुला कळत होती?

"तुका काय कळता," आई म्हणाली, आणि गॅसवर दूध ठेवलंय म्हणून फोन ठेवून दिला.